दिल्ली बघायला मुदत ठेव मोडावी का?

मिरजेच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. दिवाळीच्या सुट्टीत आई-वडील, पत्नी आणि दोन मुलं (१३ आणि ८ वर्षं) यांना घेऊन पाच-सहा दिवस दिल्ली-आग्रा करायचं आहे. टूरवाल्याने माणशी २३ हजार सांगितलेत, म्हणजे सहा जणांचे १ लाख ३८ हजार. हातात पगार येतो ६२ हजार. घरकर्जाचा हप्ता आणि घरखर्च जाऊन १२ हजार उरतात. बँकेत २ लाखांची मुदत ठेव आहे. ती मोडावी, की टूरवाला देतोय ते बिनव्याजी १२ हप्ते घ्यावेत? वडील ७१ वर्षांचे, इतिहासाचे वेडे, बायपास झालेले. त्यांचा आरोग्य विमा नाही. शिवाय एलटीएमधून (रजा प्रवास भत्ता) कर वाचेल असं ऑफिसात कुणीतरी सांगितलंय.

जा. वडिलांचं वय बघता दोन वर्षांनी बघू, असं मी म्हणणार नाही. पण दिवाळीऐवजी फेब्रुवारीत जा आणि ठेवीला हात लावू नका.

ती ठेव म्हणजे तुमचा चार महिन्यांचा खर्च, आणि विमा नसलेल्या वडिलांसाठी इस्पितळात भरायची पहिली रक्कम. तिच्याशिवाय घरात दुसरं काही नाही. लाल किल्ल्यात दिवाण-ए-खास बघाल तेव्हा वर छताकडे नजर टाका. १७६० मध्ये फौजेच्या खर्चासाठी सदाशिवरावभाऊंनी तिथला चांदीचा पत्रा काढून त्याची नाणी पाडली. भाऊंपुढे दुसरा मार्ग उरला नव्हता. तुमच्या हातात अजून सहा महिने आहेत.

बिनव्याजी हप्त्यांचं म्हणाल, तर टूरवाल्याला एकच विचारा: सगळे पैसे रोख दिले तर किती कमी करता? तो जो आकडा सांगेल तो, अधिक प्रक्रिया शुल्क, अधिक त्यावरचा जीएसटी, एवढं तुमचं व्याज. २३ हजारांत पॅकेजवरचा जीएसटी धरलाय का, तेही विचारून घ्या. पण मला खटकतं ते वेगळंच. हप्ता पडेल ११,५००. म्हणजे सहल संपल्यावरही वर्षभर तुमची सगळी शिल्लक तिकडेच जाणार. तेच १२ हजार आधी सहा महिने आवर्ती ठेवीत टाकलेत तर ७२ हजार होतात. दिवाळीचा २५ हजार बोनस धरला की ९७ हजार, आणि परत आल्यावर डोक्यावर काही नाही.

एवढ्यात भागेल का? स्वतः आखलीत तर भागेल. माझा हिशोब ढोबळ आहे. गोवा एक्सप्रेस मिरजेहून थेट हजरत निजामुद्दीनला जाते. थर्ड एसीने सहा जणांचं जाणं-येणं साधारण २५ हजार. धाकट्याचं बर्थ न घेता अर्धं तिकीट निघतं, पण दोन रात्रींचा प्रवास आहे, त्याला बर्थ घ्याच. ज्येष्ठांची भाडेसवलत रेल्वेने २०२० मध्ये बंद केली; खालचा बर्थ मिळावा म्हणून आई-वडिलांचं वय मात्र नीट भरा. करोल बागेच्या आसपास दोन खोल्या, पाच रात्री, २५ हजार. जेवणखाण २० हजार, आग्र्याची गाडी ८ हजार, मेट्रो-रिक्षा आणि पानिपत मिळून ९ हजार. प्रवेश तिकिटांची धास्ती बाळगू नका. लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर माणशी ३५ ते ५० रुपयांत होतात, आणि पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. महाग पडतो तो ताज: ५० रुपये प्रवेश आणि मुख्य कबरीसाठी आणखी २००, चौघा मोठ्यांचे हजार. तिकिटांना एकूण ३ हजार धरा आणि अडीअडचणीला ५ हजार. बेरीज ९५ हजार.

पानिपत मी मुद्दाम घातलंय. इतिहासाच्या वेड्या मराठी माणसाला दिल्लीपर्यंत नेऊन काला आंब, म्हणजे पानिपतच्या तिसऱ्या लढाईचं स्मारक, न दाखवता आणायचं? अंतर सुमारे ९० किलोमीटर; सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परतता येतं. तुम्ही पाठवलेल्या पॅकेजात ते नाही. त्यात एका दिवसात आठ ठिकाणं मात्र आहेत. बायपास झालेल्या माणसाला दिवसाला दोन पुरे.

फेब्रुवारी का, तर दिवाळीच्या सुमारास दिल्लीची हवा विषारी असते आणि गाड्या तुडुंब. जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास लाल किल्लाही बंद ठेवतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २० फेब्रुवारीच्या गाडीचं २२ डिसेंबरला. तेव्हा लागणारे २५ हजार बोनसमधून निघतात, आवर्ती ठेव चालू राहते. वार मात्र सांभाळा: लाल किल्ला सोमवारी बंद, ताज शुक्रवारी.

आता एलटीए. ही करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत आहे, तीही प्रवासभाड्यापुरती; हॉटेल-जेवण त्यात बसत नाही. वडिलांना निवृत्तिवेतन असेल तर ते तुमच्यावर अवलंबून आहेत हे दाखवणंही अवघड. तुमच्या पगारावर नव्या प्रणालीत कर शून्यच येतो. नसलेला कर वाचवायला जुन्या प्रणालीत गेलात तर कदाचित उलटा भरावा लागेल. ऑफिसातल्या मित्राचा पगार जास्त असावा.

बोनस कमी आला तर आग्रा वगळा, पानिपत ठेवा. आणि अधेमधे दवाखान्यासाठी अचानक पैसे लागलेच, तरी मुदत ठेव मोडण्याआधी तिच्यावर कर्ज मिळतं का ते बँकेत विचारा. ठेवीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतं, पण ठेव शाबूत राहते. सहलीसाठी मात्र तेही नको.