प्रश्न तुमचे, उत्तर माझे

प्रश्न : 'बॉम्बे' पाहिला. आई म्हणते, असं लग्न सिनेमातच. दंगल-फाळणीच्या काळातल्या हिंदू-मुस्लिम प्रेमाचा आणखी कुठला चित्रपट पाहू?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : आईशी वाद घालू नका, शेजारी बसवून दाखवा. 'बॉम्बे' (1995) मी जळगावला पाहिला. मध्यंतरात बाहेर चहा घेतला, कुणीच बोलेना. मुंबईची दंगल होऊन दोनच वर्षं झाली होती ना! मला त्यातली गाण्यांपेक्षा जुळ्यांची नावं आठवतात : कबीर नारायण आणि कमाल बशीर. दोन्ही आजोबा नावात आले.

आता अपर्णा सेन यांचा 'मिस्टर अँड मिसेस अय्यर' (2002) पाहा. दंगलखोर बसमध्ये चढतात, तान्हं मूल कडेवर असलेली मीनाक्षी शेजारच्या राजाला नवरा म्हणून सांगते. तो मुसलमान आहे, हे तिला नुकतंच कळलेलं; त्याच्या हातचं पाणी पिऊन ती हबकलेलीही असते. प्रेमाचं नाव कुणी काढत नाही. मला हाच जास्त आवडतो.

'गदर' (2001) हवा तर पाहा, पण त्यात हाणामारीच फार. दीपा मेहतांचा '1947 अर्थ' मात्र रात्री एकट्यानं पाहू नका. मी पाहिला, झोप लागली नाही.