डेंग्यूनंतरचा रिपोर्ट

प्रश्न : डॉक्टर मॅडम, लग्नाला १४ महिने झाले, दिवस राहत नाहीत. मी २६ वर्षांची. पाळी ३४-३५ दिवसांनी, पण नेमाने येते. मोबाईलमध्ये बघून पाळीचा बारावा ते पंधरावा दिवस आम्ही चुकवत नाही. मिस्टरांना गणपतीत डेंग्यू झाला, १०३ ताप होता. दसऱ्यानंतर त्यांची वीर्यतपासणी केली. संख्या ७० लाख आणि हालचालही कमी आली. नमुना घरीच घेऊन मोटारसायकलच्या डिकीतून नाशिकला नेला होता. रिपोर्ट आल्यापासून ते दिवसभर द्राक्षबागेतच असतात, धड बोलत नाहीत. सासूबाई दोष मला देतात.
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : द्राक्षबागेच्या घरातल्या आहात, म्हणजे निम्मं समजावण्याचं काम वाचलं. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ढगाळ हवा धरून राहिली की वडील काड्या न्याहाळत गप्प व्हायचे. बाग दिसायला हिरवीगार असायची. घड कमी पडलेत हे कळायचं ऑक्टोबरची छाटणी होऊन काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटल्यावर. कारण घड धरायचा की नाही हे त्या डोळ्यात आधीच ठरून गेलेलं असतं.

वृषणात अगदी हेच चालतं. एक शुक्राणू तयार व्हायला ७० दिवसांच्या आसपास लागतात. तिथून तो अधिवृषणात जातो. ही वेटोळं घातलेली एकच बारीक नळी, उलगडली तर वीसेक फूट भरेल. तिच्यातून सरकता सरकता तो पोहायला शिकतो, त्यात आणखी आठ-पंधरा दिवस जातात. म्हणजे दसऱ्यानंतर बाटलीत आलेले शुक्राणू गणपतीत, ऐन तापात, अर्धेकच्चे होते. वृषणं शरीराबाहेर लोंबतात ती हौसेनं नाही. त्यांना अंगापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो. १०३ तापात तो कुठून मिळणार? ताप उतरून पुरते तीन महिने होऊ द्यात, मग पुन्हा तपासा. डिसेंबर अखेरीस म्हणा ना.

आता डिकी. हालचाल कमी दिसली त्यात तिचा हात असू शकतो, संख्येत नाही. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा, तोही अंगाच्या उबेत. तुम्ही द्वारका चौकात अडकलात की तास तिथेच संपला. शक्यतो लॅबमध्येच द्या. मला ठाऊक आहे, बऱ्याच ठिकाणी ती खोली म्हणजे कडी न लागणारं बाथरूम असतं आणि बाहेरून कुणीतरी ‘झालं का?’ विचारत असतं. अशा वेळी कुणाला जमेल? आधी फोन करून स्वतंत्र खोली आहे का ते विचारा. नसेल तर नाशकात कुणा नातलगाकडे थांबून, लॅबनं दिलेल्या बाटलीत घ्या आणि बाटली शर्टाच्या आत ठेवून न्या. आधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध नकोत.

आणि तो ७० लाखांचा आकडा. मिलीलीटरला १ कोटी ६० लाख ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची खालची रेघ. वर्षाच्या आत ज्यांच्या बायकांना दिवस राहिले, अशा पुरुषांतही शंभरातले पाच या रेघेखालीच होते. तेव्हा एका रिपोर्टवरून कुणी बागेत जाऊन बसू नये. दुसराही तसाच आला तर मात्र दोघं मिळून डॉक्टरांकडे जा. वृषणाच्या शिरा फुगल्या असतील तर त्यावर इलाज आहे. तंबाखू असेल तर आजच बंद. जिममध्ये हार्मोनची इंजेक्शनं घेत असतील तर तीही, कारण त्यानं शुक्राणू बनणंच थांबतं.

तुमचा घोळ सोपा आहे. मोबाईलनं २८ दिवसांची पाळी धरलीय. अंडं फुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, म्हणजे तुमचं विसाव्या-एकविसाव्या दिवशी. बीजनलिकेच्या टोकाची झालर त्याला आत ओढून घेते, आणि तिथून ते जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र आत तीन ते पाच दिवस तग धरतात, त्यामुळे त्यांनी आधी पोचून वाट पाहिलेली बरी. तुम्ही पंधराव्या दिवशी थांबत होतात आणि अंडं आठवडाभरानं येत होतं! सोळाव्यापासून बाविसाव्यापर्यंत एक दिवसाआड संबंध ठेवा. त्या सुमारास अंगावरून जाणारा स्राव कच्च्या अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखा होतो, दोन बोटांत धरला तर तार सुटते. ती तार दिसली की कॅलेंडर बाजूला ठेवा.

सासूबाईंना रिपोर्ट दाखवायची गरज नाही, तो तुमच्या मिस्टरांचा आहे. ‘तापामुळे तपासणी पुन्हा करायचीय’ हे त्यांनी स्वतः आईला सांगावं. वणीच्या देवीला नवस बोलल्या असतील तर बोलू द्यात.

प्रश्न : वय ३८, दोन मुलं. नसबंदी करायची आहे. नंतर वीर्य येत नाही, ताकद जाते, असं मित्र म्हणतात.
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : वीर्यात शुक्राणूंचा वाटा शंभरात दोन ते पाच. बाकी पाणी शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचं, आणि त्या नसबंदीत बांधतात त्या जागेच्या पुढे आहेत. शुक्रवाहिनी, म्हणजे शुक्राणू नेणारी नळी, बांधल्यावर तुम्हाला स्वतःलाही फरक कळणार नाही. हार्मोन रक्तातून जातं, नळीतून नाही, त्यामुळे दाढी, इच्छा, ताकद जिथल्या तिथे. फक्त एक करा : नळीत पुढे गेलेले शुक्राणू संपायला वेळ लागतो. तीन महिन्यांनी तपासणी करून रिपोर्टवर ‘शून्य’ दिसेपर्यंत निरोध सोडू नका. ऑपरेशनच्या महिन्याभरातच बायकोला दिवस गेले म्हणून तिच्याशी भांडत आलेला एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात येऊन गेलाय.