कॉलेज सोडलेल्या माणसाला साताऱ्यात कॉलेजच्या ग्रंथालयात वाचता येतं का?

कॉलेज सोडून दहा वर्षं झाली, आता ग्रंथालयात बसू देतील का आणि तिथली ऑनलाइन जर्नल्स वाचता येतील का, असं तुम्ही विचारलंय. मी साताऱ्यातल्या एका अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल होतो. बसायला बहुतेक ठिकाणी मिळतं. प्राचार्यांच्या नावे अर्ज, ओळखपत्र, कुठे थोडी अनामत. पुस्तक घरी न्यायचं तर प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा.

अडतं ते ऑनलाइनपाशी. विकत घेतलेलं पुस्तक दाखल नोंदवहीत चढलं की ते ग्रंथालयाचं. कुणापुढे ठेवायचं ते आम्ही ठरवतो. ऑनलाइन जर्नल भाड्याचं असतं, आणि ते कोणी वाचायचं हे करारातच लिहिलेलं असतं. आल्याची शेती करणारे कोरेगावकडचे एक शेतकरी कंदकुजीवरचं, म्हणजे आल्याचा कंद कुजवणाऱ्या रोगावरचं, संशोधन शोधत माझ्याकडे आले होते. बांधणी केलेले जुने अंक मी त्यांच्यापुढे ठेवले. त्यापुढची सगळी वर्षं ऑनलाइन, आणि लॉगिन फक्त विद्यार्थी-शिक्षकांना. समोर संगणक चालू असताना त्यांना नाही म्हणालो, ते अजून मनाला लागतं.

पैशाचं म्हणाल तर सरकारी अनुदान मुख्यतः पगारापुरतं. पुस्तकं विद्यार्थ्यांच्या ग्रंथालय शुल्कातून आणि संस्थेच्या पैशातून येतात. त्यामुळे इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राची एन-लिस्ट, म्हणजे कॉलेजांना स्वस्तात ऑनलाइन जर्नल्स देणारी योजना, हाच आमचा आधार होता: वर्षाला 5 हजार रुपये आणि जीएसटी भरला की 6 हजारांवर जर्नल्स मिळत. देशभरातल्या संस्थांसाठी जर्नल्स एकत्र घेण्याच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी 6 हजार कोटी, 30 प्रकाशक, सुमारे 13 हजार जर्नल्स. पण पहिला टप्पा सरकारी संस्थांचा. आमच्यासारखी खासगी अनुदानित कॉलेजं त्यात नाहीत, आणि तुमच्यासारखा वाचक तर नाहीच. पैसा जनतेचा आहे, तर प्रत्येक जिल्ह्यात निदान एका ग्रंथालयातला एक संगणक सर्वांना खुला हवा, असं माझं ठाम मत आहे.

तोवर शोधगंगा वापरा. पीएचडीचे प्रबंध तिथे कुणालाही वाचता येतात. कोरेगावच्या त्या शेतकऱ्यांनाही मी शेवटी तिथलाच एक प्रबंध पेनड्राइव्हवर उतरवून दिला. नॅशनल डिजिटल लायब्ररीची नोंदणी फुकट आहे. आपल्या वाईत घडलेल्या विश्वकोशाचे खंडही नेटवर खुले आहेत. एखादा लेख हवाच असेल तर लेखकाला सरळ मेल करा, पुष्कळ जण पीडीएफ पाठवतात. आणि कॉलेजात जाल तेव्हा नेमकं काय शोधताय ते कागदावर लिहून न्या. ग्रंथपालाला शोधून द्यायला सोपं जातं.