अपील न्यायालयाची वाट आणि शाळेचा अर्ज

पुण्यात नऊ वर्षे वकिली केल्यावर पत्नी आणि सात वर्षांच्या मुलीसह अमेरिकेला येण्याच्या विचारात असलेल्या आपण विचारले आहे की, पद्मनाभन श्रीकांत ऊर्फ श्री श्रीनिवासन वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होऊ शकले, तर ती वाट आपल्यालाही खुली आहे का. हाच प्रश्न घेऊन मीही आले होते, म्हणून व्हिसाचे नियम बाजूला ठेवून लिहिते.

श्रीनिवासन जन्मले चंडीगडला, पण वाढले कॅन्सासमधील लॉरेन्स येथे, जिथे त्यांचे वडील विद्यापीठात गणित शिकवत. स्टॅनफर्डमध्ये कायदा शिकल्यावर त्यांनी आधी एका अपील न्यायाधीशांकडे आणि मग सर्वोच्च न्यायालयात सँड्रा डे ओ'कॉनर यांच्याकडे क्लर्क म्हणून काम केले. हा क्लर्क म्हणजे आपल्या कोर्टातला कारकून नव्हे. न्यायाधीशांसाठी टिपणे आणि निकालपत्रांचे मसुदे तयार करणारा तो ताजा पदवीधर असतो. पुढे सरकारच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद, राष्ट्राध्यक्षांचे नामनिर्देशन आणि 23 मे 2013 रोजी सिनेटमध्ये 97 विरुद्ध 0 मते. शपथ त्यांनी भगवद्गीतेवर हात ठेवून घेतली. संघीय न्यायाधीशाचे पद तहहयात असते, आपल्या उच्च न्यायालयाप्रमाणे 62 व्या वर्षी निवृत्ती नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत न्यायाधीशासाठी वयाची वा जन्मस्थानाची अटही नाही. तरीही ही साखळी विशीत सुरू होते, आणि आपली विशी शिवाजीनगरच्या कोर्टात गेली.

माझे घोडे त्याच्या फार आधी अडले. तिथे वकिलीच्या परवान्यासाठी द्याव्या लागणाऱ्या बार परीक्षेसाठी गुणपत्रके विद्यापीठाकडून थेट, मोहोरबंद यावी लागतात. माझ्या विद्यापीठाने लिफाफा भावाच्या हाती दिला, त्याने कुरिअर केला, आणि पाठवणाऱ्याच्या जागी त्याचे नाव दिसल्याने तो नाकारला गेला. परीक्षेची एक फेरी हुकली.

त्याहून सलते ते लेकीचे. शाळेच्या अर्जात घरच्या भाषेच्या रकान्यात मी अभिमानाने मराठी लिहिले. त्यामुळे तिची इंग्रजीची चाचणी झाली, बाईंचे उच्चार न कळल्याने ती गप्प राहिली, आणि इंग्रजी वक्तृत्वाची बक्षिसे मिळवणारी मुलगी वर्षभर इंग्रजी न येणाऱ्यांच्या वर्गात बसली. दुसऱ्यांसाठी भांडणे हा माझा व्यवसाय होता, पण तिच्यासाठी मी शाळेत पाऊल टाकले नाही. परीक्षेचा अभ्यास होता, आणि नव्या देशात लगेच तक्रार नको असे वाटले.



शाळेच्या अर्जात मराठी आपणही लिहा. मात्र चाचणीच्या दिवशी रजा काढून शाळेत थांबा, निकालाची प्रत मागा, आणि पटला नाही तर त्याच दिवशी लेखी हरकत घ्या.