पस्तीस टक्क्यांवरून माघारी

प्रश्न : काकाजी, नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, सारं एकाच लॅपटॉपवर. भाच्यानं उन्हाळ्यात तो विंडोज इनसायडरच्या (नवं विंडोज पक्कं व्हायच्या आधीच चाखायला देणारी मायक्रोसॉफ्टची योजना) डेव्ह चॅनलमध्ये टाकला. तेव्हा नीट चढलं. आता नवा बिल्ड (विंडोजची पुढची आवृत्ती) डाउनलोड होतो, रिस्टार्ट घेतो, पस्तीस टक्क्यांपर्यंत जातो आणि जुनाच बिल्ड परत येतो. चारदा झालं. कोड येतो ०एक्ससी१९००१०१ - ०एक्स२००१७. एका जणानं सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्युशन फोल्डर उडवायला सांगितलं. उडवू का?

उत्तर : नका उडवू, भाऊ. त्या फोल्डरात उतरवलेला माल असतो. तो गेला की पुन्हा सगळं डाउनलोड, पुन्हा डोंगलचा डेटा. डाउनलोडच अडकत असेल तर तो उपाय कामाचा. तुमचं डाउनलोड चारही वेळा पुरं झालंय, दुखणं त्याच्या पुढचं आहे.

कोडचे दोन तुकडे वेगवेगळे वाचा. पहिला बहुतेक वेळा ड्रायव्हरकडे बोट दाखवतो. दुसरा सांगतो गाडी कुठं बंद पडली : पहिल्या रिस्टार्टनंतर विंडोज एक छोटी तात्पुरती सिस्टिम उभी करून तिच्यातून काम करतं, ती बूट होतानाच. जागा कमी असती तर ०एक्स८००७००७० आला असता, तेव्हा लग्नाचे व्हिडिओ पुसत बसू नका.

आता तुमचं टेबल डोळ्यांसमोर आणा. अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, डोंगल, वेबकॅम, एखादा विसरलेला पेनड्राइव्ह. डाउनलोड संपलं की रिस्टार्टच्या आधी सगळं काढा, चार्जर तेवढा राहू द्या. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर आणि बाहेरचं अँटिव्हायरस अनइन्स्टॉलच करा, नुसतं बंद करून भागत नाही. लॅपटॉप कंपनीनं नवा बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) दिला असेल तर तोही घ्या, पण लाइनचा भरवसा असेल तेव्हाच. मधेच करंट गेला तर बोर्डच बसतो. आर्वीच्या माझ्या दुकानात असे दोन लॅपटॉप पडून आहेत, मालक न्यायलाही येत नाहीत. बिटलॉकर (डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर लिहा. एवढं करूनही माघारी आलं तर मायक्रोसॉफ्टचं सेटअपडायग हे फुकटचं साधन चालवा. लॉग तेच वाचतं आणि कोणता ड्रायव्हर आडवा आला ते बरेचदा नावासकट सांगतं.

हे झालं दुरुस्तीचं. पण राजेहो, पेरणीच्या दिवशी शिकाऊ गोऱ्हा तिफणीला कोणी जुंपतं का? २०१४च्या ऑक्टोबरात विंडोज १०चा पहिला प्रिव्ह्यू, म्हणजे चाचणीची कच्ची आवृत्ती, आला, तो मी हौसेनं दुकानाच्या बिलांच्या मशीनवर टाकला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरनं हूं की चूं केलं नाही. दोन दिवस कार्बन ठेवून हातानं बिलं फाडली, बायको अजून काढते.

तुम्ही इनसायडरमधून बाहेर पडाच. जुन्यावर परत जायची सोय अपग्रेडनंतर १० दिवसच असते, ती उन्हाळ्यातच संपली. तुमचा बिल्ड सर्वांसाठीच्या विंडोजच्या पुढे गेलेला असेल, तर मागे यायला क्लीन इन्स्टॉलच, म्हणजे सगळं पुसून नव्यानं विंडोज टाकणं, करावं लागतं. प्रिव्ह्यू बिल्डला मुदतही असते, म्हणून तिथंच थांबून राहता येत नाही. नोव्हेंबरात दाखल्यांची गर्दी असते, ती या दुरुस्तीवर काढा. डिसेंबरात एक रविवार धरा, फायली पेनड्राइव्हवर घ्या, अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा आणि साफ विंडोज टाका. भाच्याला हौस असेल तर त्याला दुसरा जुना लॅपटॉप द्या. विंडोज कोसळून हिरवा पडदा दिसला तरी घाबरू नको म्हणा, प्रिव्ह्यूत तो हिरवाच येतो.

प्रश्न : फोनवर अँड्रॉइड बीटा (चाचणीची आवृत्ती) घेतलं, आता बँकेचं ॲप उघडत नाही. बाहेर कसं पडू? (एक शिक्षिका, देवरी)

उत्तर : ताई, आत्ताच बाहेर पडलात तर जुन्या आवृत्तीवर नेणारा अपडेट येईल, आणि तो घेतला की फोनमधलं सगळं पुसलं जाईल. पक्की आवृत्ती येईपर्यंत थांबा, ती चढवा, मग पुढचं बीटा घ्यायच्या आधी बीटाच्या यादीतून नाव काढा. तोवर पासबुक घेऊन बँकेत.