साधा लॅपटॉप ओव्हरक्लॉक करावा का?

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१८ साली घेतलेला आहे. त्यात इंटेलचा कोअर आय-५ ८२५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. तो सुरू व्हायला फार वेळ लागतो, ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडले की अडखळतो, आणि व्हिडिओ संपादनाचे काम सुरुवातीला नीट चालून नंतर मंदावते. ओव्हरक्लॉकिंगने प्रोसेसरचा वेग वाढवता येतो असे समजले. ते कसे करावे आणि त्यात धोका किती?

उत्तर : तुमच्या प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग करता येत नाही. हे वाचून निराशा होईल, परंतु ते का करता येत नाही हे समजून घेतले की तुमच्या लॅपटॉपचा वेग नेमका कुठे अडतो हेही कळते, म्हणून कारणे थोडी विस्ताराने सांगतो.

प्रोसेसरचा वेग दोन आकड्यांच्या गुणाकारातून ठरतो. एक असतो १०० मेगाहर्ट्झचा मूळ क्लॉक आणि दुसरा त्याला गुणणारा मल्टिप्लायर. मल्टिप्लायर ३४ असेल तर वेग ३.४ गिगाहर्ट्झ होतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रामुख्याने हा मल्टिप्लायर कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे नेणे. ती मोकळीक इंटेल मोजक्याच प्रोसेसरना देते : डेस्कटॉपमध्ये नावाच्या शेवटी ‘के’ असलेल्यांना आणि लॅपटॉपमध्ये मुख्यतः ‘एचके’ व ‘एचएक्स’ वर्गातल्या महागड्या प्रोसेसरना. तुमच्या प्रोसेसरच्या नावातला ‘यू’ हा कमी वीज वापरणाऱ्या वर्गाचा असून त्याचा मल्टिप्लायर कुलूपबंद असतो. मूळ क्लॉक बदलण्याची सोयही साध्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, नसते. एका क्लिकमध्ये प्रोसेसर दुप्पट वेगवान करून देण्याचा दावा करणारे प्रोग्रॅम हे कुलूप उघडू शकत नाहीत, आणि त्यांच्यासोबत नको ते सॉफ्टवेअर शिरण्याचीच शक्यता अधिक असते. ते कृपया उतरवून घेऊ नका.

आता असे समजा की कुलूप नसतेच. तरीही तुम्हाला फारसे काही मिळाले नसते, कारण तुमचा प्रोसेसर स्वतःचा वेग आधीच वाढवत असतो. इंटेलने २००८ साली कोअर आय-७ प्रोसेसरसोबत ‘टर्बो बूस्ट’ आणले, तेव्हापासून हे काम प्रोसेसर आपणहून करतो. तुमच्या प्रोसेसरचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आहे आणि तो गरजेनुसार ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. मात्र त्याची रचना सातत्याने १५ वॉट उष्णता बाहेर टाकता येईल अशा बेताने केलेली आहे. व्हिडिओ संपादनासारखे जड काम सुरू झाले की तो थोडा वेळ या मर्यादेपेक्षा जास्त वीज घेतो, आणि मग ठरावीक काळानंतर १५ वॉटवर परत येताना वेगही खाली आणतो. तुमचे काम आधी नीट चालून नंतर मंदावते त्याचे हेच कारण असण्याचा संभव मोठा आहे.

वीज आणि वेग यांचे नाते इथे लक्षात घेण्यासारखे आहे. प्रोसेसरचा वीजवापर वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणातही वाढतो, आणि वेग वाढवायचा तर बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले तर वीजवापर सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. डेस्कटॉपमध्ये मोठा हीटसिंक (उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा भाग) बसवून ही उष्णता काढून टाकता येते. बोटभर जाडीच्या लॅपटॉपमध्ये एक लहान पंखा आणि एखाददुसरी तांब्याची नळी एवढीच व्यवस्था असते. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या जवळ पोहोचले की हा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगने दिलेला वेग उष्णता परत काढून घेते. शिवाय त्याच कवचात बॅटरी असते, आणि सततच्या उष्णतेने लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य निश्चितपणे घटते.

म्हणून आधी अडचण मोजून पाहा. लॅपटॉप अडखळत असताना विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडा. माझा अंदाज असा की सुरू होताना तुमची डिस्क १०० टक्के व्यग्र दिसेल आणि प्रोसेसर बराचसा रिकामा. लॅपटॉपमधील हार्ड डिस्कची तबकडी सहसा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, आणि विखुरलेल्या माहितीचा प्रत्येक तुकडा शोधायला तिला १० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. हेच काम एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात करते. सुरू होताना आणि प्रोग्रॅम उघडताना असे हजारो तुकडे वाचले जातात, त्यामुळे प्रोसेसरचा वेग कितीही वाढवला तरी तो डिस्कची वाट पाहत बसणार. हार्ड डिस्कच्या जागी साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी) एसएसडी बसवणे हा तुमच्यासाठी सर्वांत परिणामकारक बदल आहे. एम.२ची, म्हणजे पातळ पट्टीसारखी एसएसडी बसवण्याची, जागा मोकळी असेल तर ती साटा एसएसडी स्वीकारते की त्याहून वेगवान एनव्हीएमई प्रकारची, हे लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत पाहून मगच खरेदी करा, आणि काहीही उघडण्यापूर्वी सर्व माहितीची प्रत बाहेर काढून ठेवा.

त्यानंतर रॅम. टॅब उघडल्यावर मेमरी ९० टक्क्यांच्या वर जात असेल तर आणखी ८ जीबी घालावी. ८ जीबीची एकच पट्टी असेल आणि दुसरा स्लॉट रिकामा असेल तर फायदा दुहेरी होतो, कारण दोन पट्ट्यांमुळे ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण) सुरू होते आणि मुख्य मेमरीच वापरणाऱ्या अंतर्गत ग्राफिक्सला जवळपास दुप्पट बँडविड्थ, म्हणजे माहिती वाहून नेण्याची क्षमता, मिळते. काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असते. तिथे हा मार्ग खुंटतो.

शेवटी उष्णता. एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये तापमान पाहत व्हिडिओचे काम चालवा. वेग उतरतो तेव्हा तापमान ९५ अंशांच्या पुढे असेल तर पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीकडे नेणारा लेप) बदलल्याने खरा फरक पडेल. तापमान ७०-७५ अंशच असेल तर अडसर वीजमर्यादेचा आहे, आणि साफसफाईने वेग वाढणार नाही.

प्रश्न : मी थ्रॉटलस्टॉप हा प्रोग्रॅम वापरून प्रोसेसरचे व्होल्टेज कमी केले होते. लॅपटॉप थंड राहायचा आणि वेगही टिकायचा. बायोस अपडेट केल्यावर तो पर्यायच बंद झाला. जुना बायोस परत टाकावा का?

उत्तर : टाकू नये. डिसेंबर २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ नावाची त्रुटी जाहीर झाली. व्होल्टेज मुद्दाम घटवून प्रोसेसरला चुकीची गणिते करायला लावायची आणि एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातील गुप्त किल्ल्या बाहेर काढायच्या, असा तो हल्ला होता. त्यावर उपाय म्हणून व्होल्टेज बदलण्याची सोय बायोस अपडेटमधून बंद करण्यात आली. या हल्ल्यासाठी संगणकावर प्रशासकीय अधिकार लागतात, त्यामुळे घरगुती वापरात त्याचा धोका कमीच होता, हे खरे आहे. तरीही जुना बायोस टाकल्याने त्यानंतरच्या इतर सुरक्षादुरुस्त्याही निघून जातात, आणि ही प्रक्रिया मध्येच अडली तर लॅपटॉप सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. काही अंश तापमानासाठी एवढी जोखीम घेणे मला योग्य वाटत नाही. ज्यांच्याकडे हा पर्याय अजून खुला आहे त्यांनी मात्र तो जरूर वापरावा, कारण साध्या लॅपटॉपसाठी तो ओव्हरक्लॉकिंगपेक्षा कितीतरी उपयुक्त आहे : एका वेळी १० मिलिव्होल्टच कमी करावे, प्रत्येक पायरीला बराच वेळ जड काम चालवून पाहावे, आणि लॅपटॉप अचानक बंद पडला तर दोन पायऱ्या मागे यावे.

प्रश्न : गेमिंग लॅपटॉपमधील वेगळे ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करता येते का?

उत्तर : बहुधा येते. एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये कोअर क्लॉक (कार्डच्या मुख्य चिपचा वेग) २५-२५ मेगाहर्ट्झने वाढवून खेळ चालवून पाहावा; पडद्यावर ठिपके किंवा रेघा दिसू लागल्या, की थांबून मागच्या आकड्यावर यावे. लॅपटॉपमधील कार्डची वीजमर्यादा सहसा बदलता येत नसल्याने वाढ थोडीच मिळते. प्रोसेसर आणि कार्ड यांच्या उष्णतानळ्या एकत्र असतील तर कार्डच्या वाढलेल्या उष्णतेने प्रोसेसर मंदावतो, म्हणून दोघांचेही तापमान पाहावे. वॉरंटी शिल्लक असेल तर तिच्या अटी आधी वाचाव्यात.