‘जाल्लो’ म्हणजे पिवळा, पण आपला पिवळा नव्हे

प्रश्न असा आला आहे: दिग्दर्शक मारिओ बाव्हाच्या १९६४च्या इटालियन सिनेमाचा उल्लेख इंग्रजीत ‘जाल्लो’ आणि ‘एक्सप्लॉयटेशन थ्रिलर’ असा सापडला. जाल्लो म्हणजे पिवळा. मग मराठीत ‘पिवळा शोषणपट’ म्हणायचं का?

नको हो! ‘पिवळं’ म्हटलं की आपल्याला आठवतात स्टँडवरच्या स्टॉलवर मासिकांच्या खाली दडवलेली पुस्तकं. इटलीतला पिवळा अगदी सोवळा आहे. मिलानच्या मोंदादोरी प्रकाशनाने १९२९मध्ये पिवळ्या मुखपृष्ठाची रहस्यकथांची माला काढली, आणि तिथल्या लोकांनी रहस्यकथेलाच ‘जाल्लो’ म्हणायला सुरुवात केली. अगाथा ख्रिस्ती तिकडे जाल्लोच. उलगडा न झालेल्या खऱ्या खुनाच्या बातमीलाही वर्तमानपत्रं जाल्लो म्हणतात. म्हणजे नातं लावायचंच तर ते बाबूराव अर्नाळकरांच्या झुंझारशी लागतं, पिवळ्या पुस्तकांशी नाही.

गंमत म्हणजे चावटपणासाठी आपण रंगांची बरीच उधळण केली आहे. पुस्तक पिवळं, फिल्म ब्लू आणि म्हातारा हिरवट! इटालियन माणूस तसल्या सिनेमाला ‘लाल दिव्यांचा’ म्हणतो आणि प्रेमकथेला गुलाबी. रंगाचा शब्दशः अनुवाद केला की घोटाळा होतो, तो असा.

आता बाव्हाचा सिनेमा. नावाचा अर्थ ‘खुन्यासाठी सहा बायका’. रोममधलं एक फॅशन हाउस, एका मॉडेलचा खून, आणि तिची डायरी सापडल्यावर सगळ्यांचीच उडालेली तारांबळ. खुनी हॅट, कोट आणि हातमोजे घालतो, तोंडावर पांढरं फडकं, चेहराच नाही. खून मात्र लाल-जांभळ्या-हिरव्या प्रकाशात, शोरूमच्या काचेत मांडल्यासारखे. इटलीत तेव्हा तो फारसा चालला नाही. १९७०मध्ये दारिओ आर्जेंतो या दिग्दर्शकाचा पहिला सिनेमा जोरात चालला आणि मग अशा सिनेमांची रांगच लागली. इटलीबाहेर ‘जाल्लो’ म्हणजे हातमोजेवाल्या खुन्याचे हे सिनेमे, एवढाच अर्थ पोचला. मूळ शब्द त्याहून कितीतरी ऐसपैस आहे.

‘शोषणपट’ तर अजिबात नको. तो शब्द वाचून मला गिरणी कामगारांवरचा माहितीपट डोळ्यांसमोर येतो. अमेरिकन सिनेधंद्यात ‘एक्सप्लॉयटेशन’ म्हणजे सिनेमाची वाजतगाजत जाहिरात. पुढे जे सिनेमे त्या गाजावाजावर, रक्त आणि उघड्या अंगावरच तिकिटं खपवत, त्यांना ते नाव चिकटलं. आपल्याकडे ‘गल्लाभरू’ हा झकास शब्द तयार आहे. फक्त बाव्हाला तो लावताना माझा हात जरा अडखळतो, कारण त्या सिनेमाने गल्ला धड भरलाच नाही.

तेव्हा ‘जाल्लो’ तसाच ठेवा. ‘गियालो’ लिहू नका. ‘giallo’ या स्पेलिंगमधला ‘आय’ उच्चारत नाहीत. इटालियनमध्ये अनेकवचन ‘जाल्ली’ होतं, पण मराठीत त्याची गरज नाही. लाडू एक असो की चार, लाडूच; तसंच एक जाल्लो, चार जाल्लो.